चुलीचं सहावं झाकण

४ फेब्रुवारी

बारक्या,

पत्राच्या सुरुवातीला 'प्रिय' लिहायची पद्धत आहे. ती मी आज मुद्दाम मोडते आहे. दोन वर्षं तू मला एक ओळ लिहिली नाहीस, तेव्हा एवढं तुला सोसेल.

सकाळी पोस्टात गेले होते, आईच्या डोळ्यांच्या औषधाचं पार्सल आणायला. दाराशेजारच्या फळ्यावर वनखात्याची नवी नोटीस लागली आहे. वरच्या जंगलातून लाकडाचे ट्रक खाली आणायला रस्ता होणार. तो जाणार जुन्या लाकूडगाडीच्या वरच्या फाट्यावरून, कारण रुळांसाठी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी माणसांनी डोंगर खणून केलेला संथ चढ तिथे तयारच आहे. इथवर ठीक. आयत्या बिळावर नागोबा व्हायची खात्याला सवयच आहे. पण खाली लिहिलंय, 'पाहणी अधिकाऱ्यांच्या दाखल्यानुसार वरच्या फाट्यावर कोणत्याही जुन्या कॅम्पचे अवशेष नाहीत.' आणि त्याखाली तुझी सही. शेपटीवाली. प्रगतिपुस्तकावर बाबांची सही तूच ठोकायचास, तेव्हापासून ती शेपटी मी ओळखते.

तू वर गेला होतास का? मी वनरक्षकाला विचारलं. तो बिचारा आधी चुळबुळला, मग म्हणाला की साहेब ओढ्यावरच्या मोडक्या पुलापर्यंत आले, पलीकडे दुर्बिणीतून पाहिलं, एक फोटो काढला आणि ऊन चढायच्या आत परतले. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते हेच. पुलापलीकडे तो फाटा अजून तीन किलोमीटर जातो. त्या तीन किलोमीटरांत कुठेतरी आपली बहीण पुरलेली आहे.

आठवण करून देते, कारण सोयीचं असेल तेवढं तू चटकन विसरतोस. आपण दोघंच भावंडं, असं आपण म्हातारे होईपर्यंत समजत होतो. आई मला जन्मभर 'मधली' म्हणत आली आणि आपण हसत आलो. दोन मुलांत मधली कुठून आली? मावशी म्हणायची, ही सगळ्यांच्या भांडणात मध्ये पडते ना, म्हणून. मग दोन वर्षांपूर्वी एक दिवस आईने, ब्याऐंशीव्या वर्षी, चहाचा कप खाली ठेवून सांगितलं की माझ्याआधी एक मुलगी होती. अकरा दिवसांची होऊन गेली. बाबा तेव्हा रूळ टाकणाऱ्या टोळीत होते आणि आई चार नंबरच्या कॅम्पच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायला. मुलीला तिथेच, स्वयंपाकघराशेजारी पुरलं. आईला एकदा तिथे जायचं होतं. दुसरं काही तिने आपल्याकडे कधी मागितलेलं मला आठवत नाही.

चार नंबरचा कॅम्प म्हणजे तुझाच शोध. ओढ्याकाठच्या सपाटीवर तुला ती ओतीव लोखंडी चूल सापडली, ती तू संग्रहालयात नेलीस, तिथे फलक लावलास, पुस्तकात नकाशा छापलास. आईला खुर्चीत बसवून चार माणसांनी तिथे उचलून नेलं. तिने इकडेतिकडे पाहिलं, फुलं ठेवली. परतताना गाडीत म्हणाली की ही ती जागा नव्हे. पाणी खाली होतं, पार खाली. ती वर राहिली आणि स्वयंपाकघर आमच्याबरोबर खाली आलं. तेव्हा तू ड्रायव्हरकडे बघून हसलास आणि म्हणालास, "आईचं वय झालंय."

त्या हसण्यावरून मी घरी आल्यावर तुला बोलले. तू म्हणालास, संशोधनातलं तुला काय कळतं, तू हॉस्पिटलच्या कॅन्टीनमधली स्वयंपाकीण. आणि चपला घालून गेलास. त्यानंतर आज हे पत्र.

मी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन आले. तिथला कारकून भला माणूस आहे. तो म्हणाला, दाखला ज्याने दिला त्यानेच मागे घेतला तर रस्त्याची आखणी बदलते, दुसऱ्या कुणाच्या अर्जाने काही होत नाही. मुदत पंधरा मार्चची. त्यानंतर मशीन वर चढेल. तेव्हा दाखला मागे घे आणि स्वतःच्या पायांनी वर जा. मी विनंती करत नाहीये, हे लक्षात आलंच असेल.

मधली

१३ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं उत्तर पोचलं. खात्याच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासकट. 'आपल्या पत्राच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, सबळ पुरावा असल्यास सादर करावा.' ज्या फ्रॉकच्या बाहीने मी तुझं नाक पुसलं, त्या बाहीलाही एक जावक क्रमांक देऊन टाक. आईने विचारलं, काय लिहिलंय त्याने? मी सांगितलं, तुझी चौकशी केली आहे. तुझ्यापायी मला या वयात खोटं बोलावं लागतं.

पुरावा हवा ना? मग ऐक. त्या लाइनवरच्या शेवटच्या इंजिनाची भट्टी पेटती ठेवणारा फायरमन अजून आहे, वृद्धाश्रमात, खालच्या मजल्यावर. कान गेलेत, डोकं शाबूत आहे. मी पाटीवर लिहून विचारायची, तो ओरडून सांगायचा आणि शेजारच्या खाटांवरचे म्हातारे फुकटात ऐकायचे. तुझं नाव काढताच ओळखलं. तू तीन दिवस टेपरेकॉर्डर लावून बसला होतास म्हणे त्याच्यासमोर. बॉयलर केवढा, शिट्टी कसली, चाकं किती, कोळसा की लाकूड, सगळं खोदून खोदून विचारलंस. मी एकच प्रश्न लिहिला. चार नंबरचा कॅम्प कुठे होता?

तो म्हणाला, "कोणत्या वर्षी?"

बारक्या, तीन दिवसांत तुला हा प्रश्न सुचला नाही. कॅम्प चाकांवर होता. सहा डबे, राहायचे पाच आणि स्वयंपाकाचा एक, आणि स्वयंपाकाच्या डब्यावर पांढऱ्या रंगात चारचा आकडा. भोवतालची झाडं तोडून संपली की इंजिन लागायचं, डबे ओढून पुढच्या जागी न्यायचं, आणि जिथे ते डबे उभे राहतील तो चार नंबरचा कॅम्प. पाटी, चूल, माणसं सगळं बरोबर. त्याच्या आठवणीत असे तीन मुक्काम झाले. दोन वरच्या फाट्यावर आणि शेवटचा ओढ्याकाठी. तिथे असताना लाइन बंद पडली. डबे भंगारात गेले आणि चूल जड म्हणून कुणी उचलली नाही. तू शेवटच्या वर्षीचा नकाशा हातात धरलास आणि चूल सापडली म्हणून टाळ्या वाजवल्यास.

आई हेच सांगत होती. स्वयंपाकघर आमच्याबरोबर खाली आलं. शब्दन् शब्द खरा होता आणि तू त्याला म्हातारचळ ठरवलंस. घरी येऊन तुझं पुस्तक पुन्हा काढलं. इंजिनावर चाळीस पानं. शिट्टीवर दीड पान. स्वयंपाकघरावर एक वाक्य, 'कामगारांच्या भोजनाची व्यवस्था होती.' व्यवस्था होती म्हणजे? आभाळातून पडायची? सत्तर माणसांचे बटाटे आपली आई सोलत होती, पोटात पोर घेऊन, हलत्या डब्यात. तुझं पुस्तक मी कपाटावर नाही ठेवलं, कपाटाच्या मोडक्या पायाखाली ठेवलंय. तिथे ते उपयोगी पडतंय.

फायरमन सांगतो की वरचे दोन्ही मुक्काम पुलापलीकडे होते. नेमकं कुठे ते त्याला सांगता येत नाही, आता झाडं बदलली. मी जाऊन बघते. तू लेटरहेड संपवत बस.

मधली

२३ फेब्रुवारी

बारक्या,

मी आणि सिस्टर दोनदा वर जाऊन आलो. सिस्टर म्हणजे माझी वॉर्डातली नर्स मैत्रीण. तिचा गुडघा तुझ्या गुडघ्यापेक्षा जास्त गेलेला आहे, एवढंच लिहून ठेवते.

मोडक्या पुलाशी वाट संपत नाही. बाजूने खाली उतरायचं, ओढा ओलांडायचा, पलीकडे मुळं धरून चढायचं, की लाइन पुन्हा सुरू. रूळ कधीच उचलून नेले. रुळांखालचे लाकडी स्लीपर कुजून माती झाले, पण त्यांच्या जागी जमिनीत आडव्या पन्हाळ्या उरल्यात, सारख्या अंतरावर, आणि पाय आपोआप त्या मापाने पडायला लागतो. दोन्ही बाजूंना छातीएवढ्या उंचीवर कापलेले बुंधे आहेत, एकेक आपल्या जेवणाच्या टेबलाएवढा. एका जागी खडक फोडून वाट काढली आहे. तिथे पहारीने पाडलेली अर्धी भोकं अजून दिसतात. ती बाबांच्या टोळीने पाडलेली असतील किंवा नसतील. मी मात्र हात ठेवून उभी राहिले.

पहिला दिवस फुकट गेला तो तुझ्यामुळे. तुझ्या पुस्तकात लिहिलंय की कॅम्प शोधायचा तर सपाटी आणि पाणी शोधावं. आम्ही दोघी आज्ञाधारक बायका दिवसभर सपाट्या शोधत फिरलो. तीन सापडल्या, तिन्हींवर गवत. संध्याकाळी पाय सुजवून घरी.

दुसऱ्या खेपेला मी पुस्तक डोक्यातून काढून टाकलं आणि चौतीस वर्षं जिथे उभी राहिले त्या कॅन्टीनच्या मागच्या दाराचा विचार केला. डबे रुळांवर उभे राहणार, त्यांना सपाटी कशाला लागते? त्यांना लागते लाइनला समांतर दुसरी लाइन, म्हणजे पुढची गाडी अडायला नको. तेव्हा वाट जिथे दुप्पट रुंद होते ती जागा बघायची. आणि मग वर बघायचंच नाही. स्वयंपाकी मागच्या दारातून फेकतो तो उतारावर, हात फिरेल तितक्या लांब. स्वयंपाकघर शोधायचं तर उष्टं-खरकटं कुठे गेलं ते शोधायचं. हे तुझ्या संशोधनात बसत नसेल, पण जगातल्या कुठल्याही भांडी घासणाऱ्या बाईला विचार.

पुलापासून दोन किलोमीटरवर वाट रुंद झाली. मी उतारावर डोकावून बघत होते आणि सिस्टरचा पाय सटकला. बसल्या बसल्या घसरत ती खाली गेली आणि थेट डब्यांच्या ढिगात जाऊन थांबली. मी हाक मारली. तिकडून आवाज आला, हाड शाबूत आहे, तू ये खाली. गंजलेले दुधाचे डबे, शंभर तरी. करवतीने कापलेली जनावरांची हाडं. जाड पांढऱ्या कपांचे कान, अकरा मोजले, कारण कप फुटतो तेव्हा आधी कान जातो. आणि तिथून खाली बघितलं तर ओढा, पार खाली. आई म्हणाली होती तस्सा.

काहीही उचललं नाही. जिथलं तिथेच, हा नियम तूच मला शिकवला होतास, पहिल्यांदा हौसेने जंगलात घेऊन गेलास तेव्हा. तेव्हा तू बरा होतास. फोटो सोबत आहेत. चौथ्या फोटोत लाल फीत बांधलेली खुंटी दिसेल. ती रस्तेवाल्यांची. अशा खुंट्या लाइनच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे रस्ता लाइनपेक्षा रुंद होणार आणि वरचा उतार खरवडला जाणार. वरच्या बाजूला बुंधे आणि दगड पुष्कळ, पण पुरल्याची खूण कुठली ते आम्हाला कळलं नाही.

घरी आले तेव्हा आई लसूण सोलत होती. मी सगळं सांगितलं, डबे, हाडं, कपांचे कान. ती ऐकत होती, हात चालूच. मग म्हणाली, "झाकण दिसलं का?"

कसलं झाकण, मी विचारलं. तेव्हा तिने सांगितलं. चुलीला सहा तोंडं होती आणि सहा झाकणं. मुलगी गेली त्या दिवशी पुरल्यावर वर ठेवायला सपाट दगड मिळेना, आणि नुसत्या मातीवर सोडलं तर जनावरं उकरणार. बाबा तर रुळांवर होते, त्यांना निरोपही पोचला नव्हता. कॅम्पचा मुख्य स्वयंपाकी खाष्ट माणूस होता, आईशी ओरडल्याशिवाय बोललेला नव्हता. तो आत गेला, चुलीचं एक झाकण फडक्यात धरून घेऊन आला आणि मातीवर ठेवून दाबलं. पुढे बाराव्या दिवशी इंजिन लागलं आणि कॅम्प हलला. त्या दिवसापासून लाइन बंद होईपर्यंत तो पाच तोंडांवर रांधत राहिला, सहाव्यावर तवा पालथा घालून. नवीन झाकण त्याने कधी मागितलं नाही.

हे तू मला आधी का नाही सांगितलंस, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, तुम्ही कुणी विचारलं नाहीत.

मधली

२ मार्च

बारक्या,

सापडलं.

रुंद वाटेच्या वरच्या अंगाला, डब्यांच्या ढिगाच्या बरोबर समोर, एका बुंध्यापासून चार पावलांवर. वर बोटभर शेवाळ आणि पाइनच्या सुया. सिस्टरने ऑपरेशन थिएटरमधल्यासारखं दोन बोटांनी कडेचं शेवाळ सरकवलं. गोल, ओतीव लोखंड, मध्ये उचलायची खाच आणि कडेला तीन पानांची नक्षी. मी गुडघ्यावर बसले ती सिस्टरने उठवेपर्यंत उठले नाही. रडले की नाही ते तुला सांगायचं कारण नाही.

मग माझ्या लक्षात आलं की तू पुरावा मागशील, आणि पुरावा म्हणून हे झाकण उचलून टेबलावर आणून ठेवावं अशी खात्याची अपेक्षा असेल. ते मी करणार नाही. त्रेसष्ट वर्षं एका पोराच्या अंगावर ठेवलेलं पांघरूण ते, तुझ्या फायलीसाठी ओढून काढू? माझ्या पिशवीत शिवणाचा पांढरा दोरा होता. तो मी झाकणाच्या कडेने फिरवला, जिथे टोकं मिळाली तिथे गाठ मारली आणि शेवाळ होतं तसं लावून ठेवलं.

तिथून थेट संग्रहालयात. तुझी चूल दिमाखात उभी आहे, काळं पॉलिश करून, दोरखंडाच्या आत. पाच झाकणं आणि एक भोक. तुझ्या हस्ताक्षरातली चिठ्ठी, 'एक झाकण काळाच्या ओघात हरवले.' काळाच्या ओघात म्हणे! मी दोरखंडाखालून वाकून आत गेले आणि दोरा पहिल्या झाकणाला लावला. पहारेकरी ओरडत आला. मी म्हटलं, ओरडा, पण दोरा बघून मग ओरडा. पाचही झाकणांना तंतोतंत. पाचही झाकणांवर तीन पानं. मग पहारेकऱ्यानेच विचारलं, सहावं कुठाय?

दोरा या पाकिटात आहे, गाठीसकट. हातच्या कांकणाला आरसा कशाला. सगळ्यात जवळची लाल फितीची खुंटी त्या झाकणापासून सहा पावलांवर आहे. मी स्वतः मोजली. मशीनचा पंजा केवढा असतो ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

आता एक गोष्ट, जी पहिल्या पत्रात मी गाळली. त्या दिवशी गाडीत आई म्हणाली की ही ती जागा नव्हे, तू हसलास, ते मी लिहिलं. पण आई तेवढ्यावर थांबली नव्हती. तिने पुन्हा सुरुवात केली, 'आमचं स्वयंपाकघर ना...' आणि तिचा हात दाबून मी म्हणाले, आई, पुरे आता. तू हसलास आणि मी तिला गप्प केलं. मला कंटाळा आला होता, पाय दुखत होते आणि तुझ्यापुढे तिचं हसं होऊ नये असं वाटत होतं. मी तेव्हा गप्प बसले असते तर तिने झाकणाचं तिथेच सांगितलं असतं आणि संग्रहालयातली चूल दहा मिनिटांवर होती. दोन वर्षं तुझ्यावर चरफडताना मी हे वाक्य सोयीने बाजूला ठेवलं होतं. तेव्हा विसरभोळा तू एकटा नाहीस. लिहायला जड गेलं, पण लिहिलं.

काल आईला मी विचारलं की ती जागा नव्हती हे कळलं होतं, तर फुलं का ठेवलीस? ती म्हणाली, "त्याने एवढ्या हौसेने आणलं होतं." हे वाक्य तू लेटरहेडवर टाइप कर आणि टेबलाच्या काचेखाली ठेव.

दाखला मागे घेतलास तर तुझा नकाशा चुकला हे जाहीर होणार, फलक उतरवावा लागणार, पुस्तकाचं हसं होणार, आणि निवृत्तीला आठ महिने राहिलेत. हे सगळं मला कळतं. कळून सांगते, मागे घे.

मधली

११ मार्च

बारक्या,

नऊ दिवस झाले. उत्तर नाही. या वेळी लेटरहेडसुद्धा नाही.

काल पिवळं मशीन ट्रेलरवरून आलं आणि ओढ्याच्या अलीकडे उभं केलंय. आजूबाजूच्या बायका बघायला गेल्या होत्या. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचा मला कंटाळा आला आहे, म्हणून एवढंच कळवते की सोळा तारखेला सकाळी मी डबा, छत्री आणि घडीची खुर्ची घेऊन त्या बुंध्याशेजारी बसणार आहे. सिस्टरही येते आहे. मशीनच्या ड्रायव्हरला मी सांगून आले. तो म्हणाला, आजी, मला वरून कागद येतो, मी काय करू? मी म्हटलं, तुमचं काही चुकत नाही, कागद देणारा माझा भाऊ आहे. त्याला इतकं वाईट वाटलं की त्याने मला थर्मासमधला चहा दिला.

आईला मशीनचं सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, बारक्याचं पत्र आलं का. मी सांगते, टपाल संपावर आहे. आज तिने खिडकीतून पोस्टमन जाताना पाहिला.

मधली

१९ मार्च

बारक्या,

सोळा तारखेला खुर्ची घेऊन निघाले, तर मशीन जागेवर नव्हतं. मला वाटलं आधीच वर चढलं. ड्रायव्हर पळत आला आणि म्हणाला, मशीन खालच्या वाटेला नेलंय, आखणी बदलली. कार्यालयात गेले. कारकुनाने फाइल माझ्यासमोर उलटी फिरवली. चौदा तारखेचा कागद, दाखला मागे. 'माझी पाहणी अपुरी होती. चार नंबरचा कॅम्प वरच्या फाट्यावर होता, हे माझ्या आईने मला सांगितले होते.' आणि शेपटीवाली सही.

वाचून बरं वाटलं, हे कबूल करते. आता राग ऐक.

वनरक्षकाने मला सगळं सांगितलं आहे. तू तेरा तारखेला आलास. पुलाखाली उतरून, ओढ्यात बूट भिजवून, वर चढलास. बरोबर कुणाला घेतलं नाहीस. मागून तो काळजीने आला, तर तू झाकणाशेजारी खाली बसला होतास, मोजायची टेप खिशात आणि हातात माझा दोरा. दोरा लावून झाला तरी तीन तास तसाच बसलास. उतरताना त्याला विचारलंस, "आई कशी आहे?"

आई कशी आहे हे तू वनरक्षकाला विचारतोस? त्याला काय ठाऊक? आपलं घर तिथून वीस मिनिटांवर आहे. दाराला कडी नाही. चहा ठेवायला मला पाच मिनिटं लागतात, हे तुला पन्नास वर्षं माहीत आहे. आणि तू भिजलेल्या बुटांनी बस पकडून निघून गेलास, सर्दी झाली असेल, झालीच पाहिजे. तोंड दाखवायची लाज वाटली म्हणशील. वाटू दे. लाज वाटली तरी चहा पिता येतो. मी गाडीतलं माझं वाक्य तुला लिहून दिलं, ते काय तू दारावरून परत जावंस म्हणून?

सतरा तारखेला आईला वर नेलं. मशीनच्या ड्रायव्हरने, वनरक्षकाने आणि संग्रहालयाच्या पहारेकऱ्याने खुर्ची उचलली, चौथा दांडा सिस्टरच्या मुलाने. ओढ्यात वनरक्षक कमरेपर्यंत भिजला. वर पोचल्यावर आईने आधी खाली पाणी पाहिलं, मग मागे वळून बुंधा पाहिला, आणि कुणी न दाखवता बोट केलं. खाली बसवा म्हणाली. शेवाळावरून हात फिरवला. तिने झाकणाच्या खाचेत बोट घातलं आणि मी घाबरले की ती ते उचलते की काय. तिने फक्त खाचेतली माती काढली. चूल पेटवायच्या आधी काढतात तशी.

फुलं ठेवली नाहीत. म्हणाली, फुलं त्या फलकाशी ठेवून झाली, ती तिच्याच नावाची होती, पोचली असतील. मग मी तिला विचारलं, जे इतकी वर्षं विचारायला हवं होतं आणि आपण दोघांनीही विचारलं नाही. तिचं नाव काय होतं? नाव ठेवलं होतं, असं आई म्हणाली. अकराव्या दिवशी सकाळी ठेवलं होतं. पण सांगितलं नाही. परतताना ओढ्याशी पुन्हा विचारलं, घरी येऊन विचारलं, काल विचारलं. काल तिने लसणाची परडी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "बारक्या आला की सांगेन. तिघांची हजेरी एकदम घ्यायची आहे मला."

बघ आता. मी एकसष्ट वर्षांची बाई. आजवर थोरली म्हणून मिरवले, आणि माझ्या थोरल्या बहिणीचं नाव तुझ्या लाजेपायी आईच्या ओठांत अडकून बसलंय. आई चौऱ्याऐंशीची आहे. फायलीतल्या मुदती तुला बरोबर कळतात, ही पण कळू दे.

रविवारी ये. येताना कोरडे बूट घालून ये.

मधली